ग्लिसरीन मापायचं नाही, तोलायचं

मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या ग्लिसरीनच्या बाटलीवर ‘१०० ग्रॅम’ लिहिलं असेल, तर आत द्रव जेमतेम ८० मिली असतो. यात दुकानदाराची फसवणूक नाही. ग्लिसरीन पाण्यापेक्षा सव्वापट जड आहे: २० अंश सेल्सिअसला एका मिलीचं वजन १.२६ ग्रॅम. पाच मिलीच्या चमच्यात ते सव्वासहा ग्रॅम मावतं, आणि त्यातलं किती चमच्यालाच चिकटून राहतं ते रोज वेगळं. म्हणून ग्लिसरीनच्या कुठल्याही कृतीत पहिलं साधन चमचा नाही, काटा. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा असला की निम्म्या चुका तिथेच संपतात.

उरलेल्या निम्म्या चुका पाण्याच्या. तीन कार्बनची छोटी साखळी आणि प्रत्येक कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट, अशी या रेणूची घडण आहे. हे तिन्ही गट पाण्याला घट्ट धरतात. ते पाणी हवेतून येतं की कातडीतून, याच्याशी ग्लिसरीनला काही देणंघेणं नाही. शेले या रसायनतज्ज्ञाने १७७९ मध्ये ऑलिव्ह तेल मुरदाडशिंगाबरोबर (शिशाच्या ऑक्साइडबरोबर) तापवलं, तेव्हा हा गोड द्रव पहिल्यांदा हाती लागला. ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं ते पुढे शेव्हरल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने.

बाटली कोणती घ्यायची

खाण्यासाठी किंवा अंगाला लावण्यासाठी लेबलवर ‘ग्लिसरीन आयपी’ हवं. आयपी म्हणजे भारतीय औषधकोशाच्या मानकाप्रमाणे. केकच्या सामानाच्या दुकानात ‘फूड ग्रेड’ मिळतं, तेही चालतं. मात्र बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली असायला हवी. कॅनमधून सुटं भरून मिळणारं औद्योगिक ग्लिसरीन प्रेशर गेजमध्ये भरायला किंवा साच्यांना लावायला ठीक. अंगाला आणि पोटात नाही.

हा भेद कागदी नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोळ्यांतला आणि मेंदूतला दाब उतरवण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. चौकशीसाठी न्या. लेंटिन आयोग बसला. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला तसंच, चवीला तसंच गोडसर आणि स्वस्त. पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी करतं. कफ सिरपमुळे मुलं दगावल्याच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा हेच नाव येतं. औषधी ग्लिसरीनमध्ये त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे, आणि ती तपासायला गॅस क्रोमॅटोग्राफी ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते. घरी कुठल्याही युक्तीने हे विष ओळखता येत नाही. खाली दिलेल्या चाचण्या पाणी घातलेलं किंवा सरळ दुसरंच काही भरलेलं ग्लिसरीन पकडतात. त्यांत पास झालेली बाटली औषधी ठरत नाही.

घनतेची चाचणी

अरुंद तोंडाची ३० मिलीची काचेची बाटली घ्या, स्वच्छ आणि पूर्ण कोरडी. रिकामी तोला. समजा १८.४ ग्रॅम भरली. आता काठोकाठ पाणी भरा, बाहेरून पुसा, तोला: ४८.९. म्हणजे पाणी ३०.५ ग्रॅम. बाटली वाळवा आणि त्याच काठापर्यंत ग्लिसरीन भरा. शुद्ध असेल तर ग्लिसरीनचं वजन ३०.५ गुणिले १.२६, म्हणजे ३८.४ ग्रॅम यायला हवं. ३७.७ आलं तर गुणोत्तर १.२३५, त्यात दहा टक्के पाणी आहे. १.१३ च्या आसपास आलं तर निम्मं पाणी.

दोन गोष्टी इथे हमखास फसवतात. एक, बुडबुडे. ग्लिसरीन इतकं दाट असतं की ओतताना अडकलेली हवा अर्धा तास तशीच राहते आणि वजन कमी दाखवते. बाटली तिरपी धरून, कडेने, बारीक धारेने ओता. बाटली आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवली तर आणखी सोपं जातं, कारण २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं की दाटपणा निम्म्याहून खाली येतो. मात्र तोलण्याआधी ते पुन्हा खोलीच्या तापमानाला येऊ द्या. दुसरी, ओली बाटली. आत राहिलेल्या चार थेंबांनीही आकडा बिघडतो.

आता सारख्या दिसणाऱ्या मंडळींचे आकडे. प्रॉपिलीन ग्लायकॉल १.०४, गाडीच्या कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल १.११, डायएथिलीन ग्लायकॉल १.१२. ७० टक्के सॉर्बिटॉलचं द्रावण १.२९ च्या आसपास, आणि साखरेचा दाट पाक त्याहूनही वर. अख्खी बाटलीच बदललेली असेल तर काटा लगेच सांगतो. पण दहा टक्के डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ असेल, तर गुणोत्तर १.२४५ येतं, म्हणजे सहा टक्के पाणी असल्यासारखंच दिसतं. काट्याला पाणी आणि विष यांतला फरक कळत नाही. म्हणून १.२५५ पेक्षा कमी आकडा आला तर ‘थोडं पाणी असेल’ असं म्हणून ती बाटली खायला वापरू नका.

टाकणखाराची चाचणी

ही कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधली आहे, पण ती समजून करणारे थोडे. १०० मिली पाण्यात एक ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) विरघळवा, त्यातलं पाच मिली परीक्षानळीत घ्या आणि फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका. गुलाबी रंग येईल. आता ग्लिसरीन थेंब थेंब घालून हलवत राहा, रंग उडतो. नळी तापवा, गुलाबी परत येतो. गार होऊ द्या, पुन्हा उडतो.

टाकणखार पाण्यात गेला की त्यातून दुबळं बोरिक ॲसिड आणि अल्कली तयार होतात, गुलाबी रंग त्या अल्कलीचा. ग्लिसरीन बोरिक ॲसिडला आपल्या शेजारशेजारच्या हायड्रॉक्सिल गटांत पकडतं, आणि ही जोडी बरीच तीव्र आम्ल असते. ती अल्कली मारते. तापवल्यावर जोडी सुटते. रंग परत आलाच नाही, तर ग्लिसरीन फार पडलंय किंवा नमुन्यातच आम्ल आहे. टाकणखाराचं द्रावण आणखी घालून बघा. फिनॉल्फ्थॅलिन नाही म्हणून हळद वापरायचा मोह होतो. करू नका, हळद बोरिक ॲसिडबरोबर स्वतःचाच लालसर रंग देते. आणि सॉर्बिटॉलसारखे गोड अल्कोहोलही इथे ग्लिसरीनसारखेच वागतात, त्यामुळे ही चाचणी घनतेच्या जोडीनेच करायची.

पातळ कसं करायचं

टक्केवारी वजनाने धरा. शंभर ग्रॅम २० टक्के द्रावणासाठी भांडं काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, २० ग्रॅम ग्लिसरीन ओता (ते सुमारे १६ मिली असतं), मग १०० होईपर्यंत पाणी. २० मिली मापून घेतलं असतं तर २५ ग्रॅम पडलं असतं.

ओतल्यावर थांबून ग्लासात उजेडासमोर बघा. ग्लिसरीन तळाशी बसतं आणि त्याच्यावरून उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर दिसतात तशा वळवळत्या रेघा उठतात. दोनदा चमचा फिरवला की वरचं पाणी स्वच्छ दिसतं आणि झालं असं वाटतं. तळ तसाच असतो. रेघा पूर्ण जाईपर्यंत ढवळा. बाटलीत भरलं असेल तर उलटसुलट करा, नुसती हलवू नका. स्प्रेच्या बाटलीत पहिले आठ दिवस पाणी आणि शेवटी चिकट गोळा येतो, तो याच आळसामुळे.

कोरं ग्लिसरीन टिकतं, पातळ केलेलं टिकत नाही. दाट असताना ते जंतूंचंही पाणी ओढून घेतं. दहा-वीस टक्क्यांवर आलं की उलट बुरशीला खाद्य होतं. म्हणून एका वेळी ५० ग्रॅमच बनवा, उकळून गार केलेल्या पाण्यात, फ्रिजमध्ये ठेवा, आणि आठवड्यात संपलं नाही तर टाका. आत तंतू दिसले, गढूळ झालं किंवा आंबूस वास आला तर आठवडाही थांबू नका.

कातडीवर: रत्नागिरीचा जुलै, नागपूरचा मे

कोरं ग्लिसरीन उघड्या बशीत ठेवलं तर ते हवेशी बरोबरी होईपर्यंत पाणी घेत राहतं. हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर शेवटी त्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. १० ग्रॅम ठेवा, काही दिवसांनी २० च्या जवळ भरेल. ५० टक्के आर्द्रतेला साधारण एक पंचमांश. कोरड्या उन्हाळ्यात, आर्द्रता २० टक्क्यांवर आली की, हवेकडून मिळण्यासारखं फारसं काही उरतच नाही.

म्हणून तेच ग्लिसरीन पावसाळ्यात कोकणात चेहरा चिकट करतं आणि मे महिन्यात विदर्भात ओढल्यासारखी कोरडी कातडी देतं. हवेकडून मिळत नसेल तर ते खालच्या थरांतून पाणी घेतं, आणि ते पाणी वरून उडून जातं. उपाय सोपा आहे: पाण्यासकट लावा आणि वरून झाका. चेहऱ्यासाठी १० ग्रॅम ग्लिसरीन आणि ९० ग्रॅम गुलाबपाणी. टाचांसाठी २५ आणि ७५. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावा, दोन मिनिटांनी त्यावर खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. दमट दिवसांत चेहऱ्याला पाच टक्केही पुरतं, आणि वरचं तेल नको.

या मिश्रणात लिंबू पिळायची जुनी रीत आहे. ती सोडा. लिंबाच्या सालीतली काही द्रव्यं कातडीवर राहून ऊन लागलं की काळे डाग आणि फोडही येतात. ग्लिसरीन डोळ्यात गेलं तर चुरचुरतं आणि पाणी येतं; शूटिंगमधले अश्रू त्याच गुणावर निघतात, पण घरी ते पाण्याने धुऊनच काढायचं. तान्ह्या बाळाच्या तोंडात बोरॅक्स-ग्लिसरीन लावायची पद्धत काही घरांत अजून आहे. लावू नका. टाकणखार बाळाच्या शरीरात साठत जातो आणि त्याने झटके येऊ शकतात.

आइस्क्रीममधली जीएमएस पावडर

उन्हाळ्यात किराणा दुकानातून आणलेली जीएमएस पावडर म्हणजे ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट. ग्लिसरीनच्या तीनपैकी एका हातावर स्टिअरिक आम्लाची लांब साखळी बसवलेली. एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं स्निग्धाकडे. बरोबरच्या सीएमसीचं ग्लिसरीनशी नातं नाही. तो सेल्युलोजपासून केलेला, दाटपणा आणणारा पदार्थ.

अर्धा लिटर दुधाला सपाट एक मोठा चमचा जीएमएस, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, सीएमसी पाव छोटा चमचासुद्धा नाही, दोन चिमटी. साखर पाच-सहा मोठे चमचे. पावडरी आधी कोरड्या साखरेत मिसळा, मग त्या पाव कप गार दुधात फेटा. बाकीचं दूध उकळलं की हे मिश्रण ढवळत ओता आणि दोन-तीन मिनिटं उकळू द्या. गार करून फ्रीजरमध्ये सहा ते आठ तास. घट्ट झालं की तुकडे करा, १०० ग्रॅम फ्रेश क्रीम आणि इसेन्स घालून बीटरने पाच-सात मिनिटं फेटा; आकार जवळजवळ दुप्पट व्हायला हवा. पुन्हा झाकून फ्रीजरमध्ये.

जीएमएस साठ अंशांच्या आसपास वितळते. कोमट दुधात घातली तर ती मेणाच्या कणांसारखी तरंगत राहते आणि जिभेला पांढरी टोचते. वितळून नीट पसरली तर गार होताना स्निग्धाच्या थेंबांवरची प्रथिनं बाजूला सारून त्यांची जागा घेते. मग फेटताना हे थेंब एकमेकांना चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळी धरतात. फेटल्यावर फुगलंच नाही, तर कारण तीनपैकी एक: उकळी कमी पडली, मिश्रण फेटताना पातळ झालं होतं, किंवा पावडर जुनी होती. टाळूला मेण लागलं तर जीएमएस जास्त. चमच्याला रबरासारखी तार आली तर सीएमसी जास्त.

खुद्द ग्लिसरीनचं स्वयंपाकघरातलं काम याहून लहान आहे. अर्धा किलो आयसिंग शुगरच्या रॉयल आयसिंगमध्ये एक छोटा चमचा घातला की थर दगड होत नाही. दोन घातले की थर वाळतच नाही.

प्रयोगशाळेत आणि फुलदाणीत

कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड वाळून जाते, कारण मुलं पाण्यावरच थांबतात. सॅफ्रॅनिनने रंगवून, जादा रंग धुऊन, ग्लिसरीनचा एकच थेंब टाका आणि कव्हरस्लिप एका कडेने टेकवत हळूहळू सोडा. दोन थेंब टाकले की कव्हरस्लिप पोहत राहते.

बायोटेकच्या विद्यार्थ्यांसाठी: जिवाणूंचा साठा उणे ८० अंशांत ठेवायला ५० टक्के ग्लिसरीन लागतं. ५० मिली ग्लिसरीन मापनळीत ओतू नका, कडांना चार-पाच मिली राहतं. बाटलीत ६३ ग्रॅम तोला, पाण्याने १०० मिली करा, हलवून १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. ताजं कल्चर ५०० मायक्रोलिटर, हे द्रावण ५०० मायक्रोलिटर. पिपेटने घेताना टिपचं टोक निर्जंतुक कात्रीने थोडं कापा, हळू ओढा, दोन सेकंद आतच थांबा. घाईने ओढलं तर टिपमध्ये हवा येते आणि आकडा खोटा ठरतो.

निलगिरीची फांदी महिनोन्महिने लवचिक ठेवायची असेल तर मापाने एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी. (इथे काटा नाही लागला तरी चालेल.) देठाचं टोक तिरपं कापून तीन-चार सेंटिमीटर ठेचा, आठ-दहा सेंटिमीटर बुडेल असं उभं करा, दोन-तीन आठवडे ठेवा. पानांच्या कडांवर थेंब दिसले की ग्लिसरीन जास्त झालं. लगेच काढून पुसा. कोवळ्या देठांवर हे चालत नाही, ती मान टाकतात.

साबणात किती तयार होतं

घरी साबण करणाऱ्यांसाठी एकच हिशोब: वापरलेल्या कॉस्टिक सोड्याचं वजन गुणिले ०.७७ म्हणजे तयार झालेलं ग्लिसरीन. २५० ग्रॅम खोबरेल, २०० ग्रॅम शेंगदाणा तेल आणि ५० ग्रॅम एरंडेल यांना, पाच टक्के तेल मोकळं ठेवून, ७५ ग्रॅम सोडा आणि १५० ग्रॅम पाणी लागतं. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही. ॲल्युमिनियमचं भांडं नको, चष्मा आणि हातमोजे हवेत. त्यातून सुमारे ५८ ग्रॅम ग्लिसरीन होतं आणि ते वडीतच राहतं. कारखान्यात मिठाच्या पाण्याने साबण वेगळा पाडतात तेव्हा ते खालच्या पाण्यात जातं आणि वेगळं विकलं जातं. घरच्या वडीत वरून आणखी ग्लिसरीन घातलं तर पावसाळ्यात वडीला घाम फुटतो.

ठेवताना

ग्लिसरीन आणि पोटॅशियम परमँगनेट एका फळीवर ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की काही सेकंदांत धूर आणि मग ज्वाळा येते, काडी न लावता. ‘मंत्राने पेटणाऱ्या’ होमात तुपाच्या जागी ग्लिसरीन असतं, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव करून दाखवत आले आहेत. ब्लीचिंग पावडरही दूरच ठेवा.

उघड्या भांड्यात ग्लिसरीन फार तापवू नका. २९० अंशांच्या सुमारास ते उकळतं आणि फुटूही लागतं, आणि त्यातून ॲक्रोलीन निघतं. कढईतलं तेल जळालं की जी डोळ्यांना झोंबणारी धार लागते, ती याचीच.

झाकण घट्ट लावा, नाहीतर बाटली हवेतलं पाणी पीत राहील आणि पुढच्या वर्षी घनतेचा आकडा खाली येईल. फरशीवर सांडलं तर थेट पाणी ओतू नका, निसरडा पट्टा दुप्पट होतो. आधी कोरड्या कागदाने टिपा, मग कोमट पाण्याचं फडकं फिरवा. साबण लागत नाही. आणि तो टिपलेला कागद परमँगनेट सांडलेल्या कचऱ्यात टाकू नका.